मुलाने मध्येच कॉलेज सोडले तर? फी, शिष्यवृत्ती आणि कर्जाचा हिशेब

आपले व्यापारी बंधू मालाचा हिशेब पै-पैचा ठेवतात. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी थकली आहे, कोणता माल किती दिवस गोदामात पडून आहे, हे त्यांना वहीत न पाहताही सांगता येते. मुलाच्या शिक्षणावर घातलेल्या पैशाचा हिशेब मात्र फार थोड्या घरांत ठेवला जातो. फी भरली, पावती कपाटात टाकली, संपले. पुढे काही अडचण आली आणि मुलाला कॉलेजातून काढून दुकानावर किंवा मागावर बसवावे लागले, की मगच त्या पावत्या शोधल्या जातात. तोपर्यंत बहुधा मुदत टळून गेलेली असते.

आपल्या समाजात मध्येच शिक्षण सोडण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वडील आजारी पडतात आणि दुकान उघडायला कोणी उरत नाही. यंत्रमागाला मंदी येते आणि घरात एक हात वाढवावा लागतो. आखाती देशाचा व्हिसा अचानक हाती येतो. मुलीचे स्थळ ठरते. कधी मुलगा नापास होतो आणि शरमेने कॉलेजला जाणेच बंद करतो. सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. एक अशी की, कॉलेजच्या पायरीवर मुस्लिम विद्यार्थ्यांचे प्रमाण घटत जाते. दुसरी अशी की, स्वतःचा धंदा व कारागिरी करणाऱ्यांचे प्रमाण आपल्यात इतरांपेक्षा जास्त आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे. ज्याच्या घरी दुकान आहे त्याला कॉलेज सोडणे सोपे वाटते, कारण दुसऱ्या दिवशी बसायला गादी तयार असते.

शिक्षण सोडावे की सोडू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आम्ही येथे फक्त पैशाची बाजू मांडणार आहोत. कॉलेज सोडल्याने भरलेल्या फीचे काय होते, शिष्यवृत्तीचे काय होते, कर्जाचे काय होते, आणि याची झळ बापाच्या धंद्याला कशी लागते, हे समजून घेऊ.

पैसा कोठून आला, ते आधी पाहा

कॉलेजात भरलेला पैसा साधारणपणे चार ठिकाणांहून आलेला असतो. काही स्वतःच्या खिशातून, काही सरकारी शिष्यवृत्तीतून, काही बँकेच्या किंवा महामंडळाच्या कर्जातून आणि काही समाजाच्या ट्रस्टकडून. चौघांचे नियम वेगळे आहेत. पुष्कळ पालक एकच प्रश्न विचारतात, "पैसे परत मिळतील काय?" वास्तविक प्रश्न दोन आहेत: आपल्याला काय परत मिळेल आणि आपल्याला काय परत करावे लागेल? दुसरा प्रश्न न विचारल्यामुळेच माणूस अडचणीत येतो.

१. स्वतः भरलेली फी

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीसंबंधी एक अधिसूचना काढली. तिचा गाभा असा की, सगळा हिशेब 'प्रवेशाची जाहीर झालेली शेवटची तारीख' या एका तारखेभोवती फिरतो.

शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर १०० टक्के फी परत. यातून कॉलेज प्रक्रिया खर्च म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण कमाल ५,००० रुपये कापू शकते. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असताना रद्द केला तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांच्या दरम्यान ५० टक्के. ३० दिवस उलटले की शून्य.

उदाहरण घेऊ. समजा, प्रवेशाची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट आहे. फी ६०,००० रुपये आणि अनामत ५,००० रुपये भरली आहे. मुलाने १० सप्टेंबरला लेखी अर्ज दिला तर ४८,००० रुपये परत येतात. २५ सप्टेंबरला दिला तर ३०,०००. आणि ५ ऑक्टोबरला दिला तर फीपैकी काहीही नाही. म्हणजे निर्णय घेण्यात २५ दिवसांची टाळाटाळ झाली की ४८,००० रुपये गेले. अनामत रक्कम मात्र तिन्ही वेळी पूर्ण परत मिळाली पाहिजे, कारण ती फी नव्हे. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत कॉलेजने पैसे परत करावेत, असेही त्यात म्हटले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अलीकडे आयोग काही वर्षी त्या त्या सालापुरत्या वेगळ्या तारखाही जाहीर करतो. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत फक्त १,००० रुपये कापून परत, असा नियम होता. तेव्हा आपल्या वर्षाचे परिपत्रक कोणते, हे कॉलेजच्या कार्यालयात अगर आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

इंजिनिअरिंग, व्यवस्थापन वगैरे अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नियम लागतो. वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर १,००० रुपयांपर्यंत कापून बाकी फी परत. वर्ग सुरू झाल्यावर सोडला आणि ती जागा प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपर्यंत दुसऱ्या विद्यार्थ्याने भरली, तर जितके महिने शिकला तितकी फी व वसतिगृहाचे भाडे कापून उरलेले परत. जागा रिकामीच राहिली तर केवळ अनामत आणि मूळ कागदपत्रे परत.

आता सर्वांत मोठ्या भीतीविषयी. काही संस्था म्हणतात, "चार वर्षांची जागा अडवलीत, चारही वर्षांची फी भरा, मगच दाखला मिळेल." ही मागणी नियमाला धरून नाही. पुढील वर्षांची फी मागू नये, असे तंत्रशिक्षण परिषदेने स्पष्ट सांगितले आहे. एका वेळी एका सत्राची अगर एका वर्षाचीच फी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली इस्लामिक अकॅडमी ऑफ एज्युकेशनच्या खटल्यातही म्हटले आहे. मूळ गुणपत्रिका व दाखले अडकवून ठेवण्यास आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेने मनाई केली आहे. कॉलेज ऐकत नसेल तर आधी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे, मग विद्यापीठाच्या लोकपालाकडे व आयोगाच्या 'ई-समाधान' वर तक्रार करता येते. मात्र तक्रारीला कागद लागतो. तोंडी सांगून निघून आलेल्या मुलाजवळ दाखवायला काही नसते.

२. सरकारी शिष्यवृत्ती

आपल्या वाचकांच्या मुलांना लागू पडणाऱ्या योजना मुख्यतः महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरल्या जातात. खुल्या प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी अशा ज्या मुस्लिम बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत, त्यांच्या मुलांना त्या वर्गाच्या सवलती आहेत. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, इतर मागास वर्ग तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत, शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे.

या पैशाला दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. एक हजेरी आणि दुसरी सलगता.

शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने मंजूर होते आणि वर्षात हप्त्यांनी येते. मुलगा दिवाळीनंतर कॉलेजला गेलाच नाही, तर कॉलेज पुढच्या हप्त्यासाठी त्याची शिफारस करणार नाही. मग होते असे: फीचा अर्धा भाग सरकारकडून येईल म्हणून कॉलेजने तो मागितलेला नसतो. हप्ता आला नाही की तीच रक्कम विद्यार्थ्याच्या नावावर बाकी दिसू लागते आणि दाखला घ्यायला गेल्यावर ती समोर येते. पालकाला वाटते, आपण तर आपला अर्धा भाग भरला होता. पण दुसरा अर्धा भाग भरला गेलेला नसतो.

काही योजनांत रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि ती त्याने कॉलेजात भरावयाची असते. असा पैसा खात्यात आला, तो घरखर्चाला किंवा मालाला वापरला गेला आणि मुलाने कॉलेज सोडले, तर ते सरळ देणे झाले. दुकानाच्या गल्ल्यात तो मिसळू नये.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत आणखी एक कलम आहे. ज्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती दिली तो वर्षाच्या मध्येच सोडला, तर दिलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सरकारच्या मर्जीवर हे सोडले आहे, म्हणजे प्रत्येकाकडून वसुली होतेच असे नाही. पण होऊ शकते. परवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, असेही त्यात आहे. म्हणून आजारपणामुळे सोडावे लागत असेल तर डॉक्टरांचे कागद जोडून कॉलेजला लेखी कळवावे. सबळ कारणाचा कागद फाइलला असणे आणि मुलगा नुसता गायब होणे, यांत सरकारी कचेरीत मोठा फरक पडतो.

सलगतेचा मुद्दा पुढच्या काळात त्रास देतो. राजर्षी शाहू योजनेत अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडलेला नसावा, अशी अट आहे. मुलगा एक वर्ष दुकानावर बसला आणि परत आला, तर दार उघडे आहे. दोन वर्षे बसला तर ते बंद होते. "धंदा सावरला की परत पाठवू" असे म्हणणाऱ्या बापाने ही दोन वर्षांची रेघ भिंतीवर लिहून ठेवावी.

३. बँकेचे शैक्षणिक कर्ज

व्याजाच्या व्यवहाराबद्दल इस्लामचा दंडक वाचकांना ठाऊक आहे. कर्ज घेणे कोणत्या मजबुरीत चालते, हा प्रश्न उलेमांना विचारावा. आम्ही येथे फतवा देत नाही. मात्र ज्यांनी असे कर्ज घेतले आहे, त्यांच्या मुलाने मध्येच शिक्षण सोडले तर त्याचा परिणाम थेट दुकानावर होतो, म्हणून ही बाजू सविस्तर सांगणे भाग आहे.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे बँका कर्ज देतात. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. पैसे एकदम न देता वर्षागणिक किंवा सत्रागणिक कॉलेजला पाठवले जातात. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. या काळात साधे व्याज जमा होत राहते. आणि मुख्य म्हणजे बाप किंवा आई या कर्जात सहकर्जदार असतात. कर्ज मुलाचे, असे आपण म्हणतो. कागदावर ते दोघांचे असते.

मुलाने मध्येच शिक्षण सोडले की तीन गोष्टी होतात.

पहिली, पुढचे हप्ते कॉलेजला जाणे थांबते. जेवढे उचलले तेवढेच देणे राहते, संपूर्ण मंजूर रकमेचे नव्हे. ४ लाख मंजूर झाले आणि २ लाख उचलले, तर देणे २ लाख आणि त्यावरील व्याज.

दुसरी, सवलतीचा काळ संपतो. पदवी होऊन एक वर्षाने हप्ता सुरू होणार होता, तो आता अलीकडे येतो. नमुना योजनेत असे म्हटले आहे की, विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास बँकेने विद्यार्थी व पालक यांच्याशी विचारविनिमय करून परतफेडीचे योग्य वेळापत्रक ठरवावे. हे फार उपयोगी कलम आहे. पण विचारविनिमय करायला पालकाने बँकेत जायला हवे. बहुतेक जण नोटीस येईपर्यंत जात नाहीत.

तिसरी, व्याजाचे अनुदान बंद होते. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. पण अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला किंवा काढून टाकलेल्याला ही सवलत नाही. अपवाद एकच, वैद्यकीय कारण. तेही संस्थेच्या प्रमुखाचे समाधान होईल अशा कागदपत्रांसह. समजा, पहिल्या वर्षी १ लाख आणि दुसऱ्या वर्षी १ लाख उचलले आणि व्याजाचा दर १० टक्के आहे. दोन वर्षांच्या शेवटी पहिल्या लाखावर २०,००० आणि दुसऱ्यावर १०,००० मिळून ३०,००० रुपये साधे व्याज होते. अनुदान असते तर हा भार घरावर नव्हता. ते बंद झाले की पुढचा प्रत्येक महिना घराच्या खात्यावर पडतो.

आता दुकानाकडे येऊ. हप्ता सुरू झाला आणि ९० दिवस भरला गेला नाही, तर बँक ते खाते थकीत म्हणजे एनपीए धरते. ही नोंद सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे जाते. मुलाच्या नावावर आणि सहकर्जदार म्हणून बापाच्या नावावरही. पुढे बाप मालासाठी कॅश क्रेडिट मागायला गेला, मुद्रा कर्ज मागायला गेला, नवी मशीन घ्यायला गेला, की बँकेचा अधिकारी संगणक पाहून मान हलवतो. बापाने स्वतःची उधारी आयुष्यात कधी थकवलेली नसते. तरीही त्याची पत एका विसरलेल्या शैक्षणिक कर्जापायी जाते. जामीनदार म्हणून एखाद्या नातेवाइकाने सही केली असेल तर त्याचेही तेच. धंद्यात पत हेच भांडवल आहे, हे आम्ही व्यापाऱ्यांना सांगायला नको.

आणखी एक सोय माहीत असावी. मुलगा शिक्षण सोडत नसून केवळ मागे पडला असेल, नापास झाला असेल किंवा आजारी असेल, तर अभ्यासक्रम पूर्ण करण्यास दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद नमुना योजनेत आहे. त्यासाठी कॉलेजचे पत्र घेऊन बँकेत अर्ज करावा लागतो. न सांगता मागे पडणे आणि सांगून मागे पडणे, यांचे परिणाम वेगळे होतात.

४. महामंडळ, ट्रस्ट आणि कर्जे हसना

राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ साली आणि महाराष्ट्राचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० साली स्थापन झाले. त्यांची शैक्षणिक कर्जे बँकेहून स्वस्त आहेत, पण त्यांनाही जामीनदार आणि करारपत्र असते. शिक्षण सोडले म्हणून कर्ज माफ होत नाही. "सरकारी आहे, बुडाले तरी चालते" ही समजूत सोडून द्यावी. वसुली थकली की महामंडळाजवळ पुढच्या मुलाला द्यायला पैसे उरत नाहीत. तो पुढचा मुलगा आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

समाजाच्या ट्रस्टकडून आणि बैतुलमालमधून मिळणाऱ्या मदतीची बाब अधिक नाजूक आहे. ट्रस्टने एका विशिष्ट वर्षाच्या फीसाठी कॉलेजच्या नावाने चेक दिला आणि मुलाने वेळीच प्रवेश रद्द केल्यामुळे ती फी परत आली, तर तो पैसा कोणाचा? आमच्या मते तो ट्रस्टची अमानत समजून आधी ट्रस्टला कळवावा. त्यांनी "ठेवा" म्हटले तर गोष्ट वेगळी. पण निर्णय त्यांचा. जकातीचा पैसा असेल तर त्याचे मसले वेगळे आहेत, ते मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावेत.

कर्जे हसना घेतले असेल तर ते बिनव्याजी आहे, पण कर्जच आहे. पवित्र कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा कर्जव्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे, आणि त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे. दोन्ही आदेश एकत्र वाचावेत. घेणाऱ्याने लिहून द्यावे आणि अडचण आली की तोंड चुकवू नये. देणाऱ्याने सवड द्यावी. मदत देणाऱ्या संस्थांना आमची एक सूचना आहे. अर्जाच्या नमुन्यातच एक ओळ घाला: विद्यार्थ्याने मध्येच शिक्षण सोडले तर काय करावयाचे. आज ही ओळ नसल्यामुळे मुलगा शरमेने ट्रस्टच्या कार्यालयासमोरून जाणे टाळतो आणि त्याच्या धाकट्या भावासाठी अर्ज करायलाही घरचे धजत नाहीत.

परदेशात मुले असतील तर

ज्यांचे भाऊबंद अमेरिकेत स्थायिक आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तेथील नागरिक व कायम रहिवासी विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत मिळते आणि तिचा नियम अगदी रोजंदारीसारखा आहे. सत्राचे जितके दिवस भरले तितक्या टक्के मदत 'कमावली' असे धरतात. १०० दिवसांच्या सत्रात ४० व्या दिवशी सगळे विषय सोडले तर ४० टक्के मदत कमावली, ६० टक्के परत करण्याचा हिशेब लागतो. सत्राचे ६० टक्के दिवस ओलांडले की मग पूर्ण मदत कमावली गेली. शिवाय सोडलेले विषय प्रगतीच्या मोजमापात धरले जातात आणि प्रगती कमी पडली की पुढची मदत थांबते. येथून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांना ती सरकारी मदत नसते. त्यांची गोष्ट वेगळी आहे: परवानगीशिवाय पूर्ण वेळेपेक्षा कमी विषय ठेवले तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याज अनुदान देणारी 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे, हेही कर्ज काढताना विसरू नये.

सोडण्याआधी हे मार्ग पाहा

धंद्यात माल खपत नसेल तर व्यापारी लगेच दुकान बंद करीत नाही. आधी भाव, जागा, वेळ बदलून पाहतो. शिक्षणातही तसे मार्ग आहेत.

अडचण काही महिन्यांची असेल तर प्रवेश रद्द न करता प्राचार्यांना भेटून सत्राची सूट किंवा पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसण्याची परवानगी मागावी. काही विषय राहिले असतील तर एटीकेटीची सोय असते. विषय राहिले म्हणजे कॉलेज संपले असे नव्हे.

दुकानावर बसणे अटळच असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांतून धंदा सांभाळून पदवी घेता येते. मात्र राजर्षी शाहू योजनेसारख्या शिष्यवृत्त्या नियमित अभ्यासक्रमांनाच आहेत, दूरशिक्षणाला नाहीत. ही तुलना आधी करावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आली आहे. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणून सोडायचेच असेल तर वर्षाच्या मध्ये सोडण्यापेक्षा वर्षाची परीक्षा देऊन सोडावे. फेब्रुवारीत कॉलेज सोडणारा मुलगा पूर्ण वर्षाची फी घालवतो आणि हाती काही घेऊन येत नाही. तोच दोन-तीन महिने थांबला, तर एका वर्षाची कमाई त्याच्या खात्यात राहते. अर्धे शिवलेले कापड कोणी विकत घेत नाही, हे शिंपी बंधूंना सांगणे नलगे.

सोडावेच लागले तर: कामांचा क्रम

१. सर्वांत आधी तारीख पाहा. प्रवेशाची शेवटची तारीख कोणती होती आणि आज किती दिवस झाले, यावर फीचा निकाल अवलंबून आहे.

२. प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या. कारण लिहा. दुसऱ्या प्रतीवर कॉलेजचा शिक्का व तारीख घ्या. ही प्रत म्हणजे तुमची पावती.

३. कॉलेजच्या हिशेब खात्यातून आपल्या नावावरील बाकी लेखी मागा. त्यात शिष्यवृत्तीचा न आलेला हप्ता धरला आहे काय, हे विचारा.

४. महाडीबीटीवरील अर्जाची स्थिती पाहा. खात्यात आलेली रक्कम असेल तर ती वेगळी ठेवा.

५. आजारपण असेल तर रुग्णालयाचे कागद कॉलेज आणि बँक दोघांनाही द्या. व्याज अनुदानातील एकमेव अपवाद यावर टिकतो.

६. बँकेत किंवा महामंडळात नोटीस येण्यापूर्वी स्वतः जा. जितका हप्ता खरोखर झेपेल तितकाच लिहून घ्या. मोठा हप्ता कबूल करून तो चुकवण्यापेक्षा लहान हप्ता वेळेवर भरणे पतीसाठी चांगले.

७. ट्रस्टला पत्र लिहा. परत करण्याजोगी रक्कम असेल तर परत करा, नसेल तर कारण कळवा.

८. कॉलेज सोडल्याचा दाखला, मूळ गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि अनामत रकमेची पावती घेऊनच बाहेर पडा. पुढे कधी परत शिकायचे झाले तर याच कागदांवर प्रवेश मिळतो.

या आठ कामांना फार तर एक आठवडा लागतो. तो आठवडा दुकान भावाच्या हाती सोपवावा, पण ही कामे मुलावर एकट्यावर टाकू नयेत. नापास झालेला किंवा घरच्या अडचणीमुळे उठवलेला मुलगा कॉलेजच्या खिडकीवर उभा राहायला बिचकतो. बाप सोबत असला तर कारकूनही नीट बोलतो, असा सर्वांचाच अनुभव आहे.

मुलीच्या बाबतीत एक शब्द अधिक. लग्न ठरले म्हणून तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडणाऱ्या मुली आजही थोड्या नाहीत. जेथे फी पूर्ण माफ आहे तेथे उरलेल्या एका वर्षाचा घरावर भार जवळजवळ नाहीच. निकाहाची बोलणी करतानाच "परीक्षा होईपर्यंत ती शिकेल" हे दोन्ही घरांनी ठरवून घ्यावे. समंजस सासरकडचे यास नकार देत नाहीत.

शिक्षण ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे आणि मध्येच मोडलेली गुंतवणूक तोट्याची ठरते, हे आपण मुदत ठेवीच्या बाबतीत चटकन ओळखतो. ती मोडावीच लागली तर निदान तोटा किती, तो कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला, एवढे माहीत असावे. ज्यांची मुले यंदा कॉलेजात आहेत त्यांनी आजच एक वही काढावी आणि फी, शिष्यवृत्ती, कर्ज, ट्रस्टची मदत अशी चार पाने करून प्रत्येक पावतीची नोंद करावी. अल्लाह करो, त्या वहीची गरज न पडो आणि मुले शिक्षण पूर्ण करूनच दुकानाची पायरी चढोत.